दगड विरुद्ध पत्रे

मार्चमधल्या एका रविवारी वॉशिंग मशीनच्या दारातल्या रबराच्या घडीत मला काळे दाणे सापडले. आधी वाटलं, मोहरी. आमच्या घरात मोहरी कुठेही सापडते. एकदा माझ्या ऑफिसच्या कीबोर्डात सापडली होती. पण ही चिमटीत दाबली तर फुटेना, उलट दबून पुन्हा फुगली. वास घेतला. टायरचा वास.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याने "झालं" म्हणून सांगितलेलं काम झालेलं नाही असं धरून चालायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे दाणे मी टाकून दिले नाहीत. जुन्या हिंगाच्या डबीत भरून ठेवले.

हे रबराचे दाणे कृत्रिम गवताच्या मैदानात पसरलेले असतात. आमची मुलगी सतरा वर्षांची, इथल्या, नेदरलँड्समधल्या कापेल गावच्या क्लबात मुलींच्या संघातून फुटबॉल खेळते. पण त्या क्लबाचं मैदान खऱ्या गवताचं, म्हणजे वर्षातले आठ महिने खऱ्या चिखलाचं. तिच्या मोज्यांतून चिखल निघतो, दाणे नाही. घरात माणसं तीन. माझे मोजे मी भोकांवरून ओळखतो. बायको फुटबॉल खेळत नाही. म्हणजे मुलगी आम्हाला न सांगता कुठल्यातरी दुसऱ्या मैदानावर खेळत होती. "आम्हाला" हा शब्द मी तेव्हा वापरला. पुढे तो "मला" असा दुरुस्त करावा लागला.

माझ्या मनात पाल का चुकचुकली, हे समजायला थोडं मागे, पुण्यात जावं लागेल.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज दगडी इमारतीतलं. त्याच्या भिंतीला भिंत लागून दुसरं कॉलेज, त्याचं वर्कशॉप पत्र्याचं. आम्ही त्यांना पत्रे म्हणायचो, ते आम्हाला दगड. मधे एक मैदान होतं, ते आपलंच आहे असं दोन्ही कॉलेजं म्हणत. तिथे वर्षातून एक फुटबॉलची मॅच व्हायची. पण मॅच म्हणजे नुसतं निमित्त. खरं काम वर्षभर चालायचं. आमचा बॉल भिंतीपलीकडे गेला की दुसऱ्या दिवशी हवा काढून, नीट घडी घालून परत यायचा. त्यांच्या तोंडी परीक्षा सुरू झाल्या की आमच्या बाजूने पत्र्यावर खडे पडायचे. खडे कोण टाकायचं हे कधी सिद्ध झालं नाही, आणि माझा नेम मुळातच चांगला नव्हता.

ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने मला एकदा विचारलं, "दोन्ही कॉलेजांत फरक काय?"

"जमीन-अस्मानाचा," मी म्हणालो.

"उदाहरणार्थ?"

मी विचारात पडलो. विद्यापीठ एक, अभ्यासक्रम एक, झेरॉक्सवाला एक, चहाची टपरीसुद्धा एकच. शेवटी म्हणालो, "ते लोक चहात बिस्किट बुडवून खातात."

"आणि तुम्ही?"

"आम्हीही. पण आमचं तुटत नाही."

 त्याला समजावणं अवघड होतं, पण मला तेव्हा एक गोष्ट कळली. लांबच्या माणसाशी भांडण होतं, वैर होत नाही. वैराला शेजारी लागतो. तो हुबेहूब आपल्यासारखा असावा लागतो, आणि तो रात्रंदिवस आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवतोय असा पक्का संशय लागतो. गोल, कप, आरडाओरडा ही सगळी वरची कोथिंबीर.

तर हे दगड आणि पत्रे आता नेदरलँड्सभर विखुरलेत. कुणी आर्नहेमला वीज कंपनीत, कुणी द हेगला, कुणी माझ्यासारखा रॉटरडॅमच्या कुशीत. दर मे महिन्यात एका शनिवारी आम्ही भाड्याच्या मैदानावर जमतो आणि तीच मॅच खेळतो. आता एका बाजूला आठ माणसं, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधे दम खायला जवळजवळ तेवढाच वेळ. मी आमच्या संघाचा सचिव आणि गोली. गोली अशासाठी, की धावावं लागत नाही आणि रुंदी कामी येते. पंच म्हणून आमचे शेजारी, निवृत्त डच गृहस्थ. त्यांना मराठी शिव्या कळत नाहीत म्हणून ते निःपक्षपाती, असं ठरलंय. गणपतीत पत्र्यांच्या कप्तानाकडे त्यांनी चार मोदक खाल्ल्याचं मी पाहिलंय. तेही माझ्या लक्षात आहे.

मॅचनंतर क्लबाच्या कँटीनमध्ये पंगत. स्वयंपाक दोन्हीकडचे मिळून आणतात. पण जिंकलेले बसतात आणि हरलेले वाढतात. नुसतं वाढून चालत नाही, आग्रह करावा लागतो, आणि बसलेल्याने "अजून" म्हटलं की वाकून वाढायचं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला मसालेभाताचं पातेलं घेऊन सोळा वेळा वाकायला लावणं, यापेक्षा क्रूर शिक्षा मला ठाऊक नाही. कपबिप नाही. त्या पंगतीसाठी माणसं आर्नहेमहून येतात.

आता महत्त्वाची गोष्ट. माझी बायको पत्रा आहे.

हे मी लग्नाच्या वेळी मोठ्या मनाने पोटात घातलं, असं मी सगळ्यांना सांगतो. "तेव्हा पोटात जागा कमी होती, तरी घातलं," असं ती पुढे जोडते. कॉलेजात ती भिंतीवर बसून आमच्याविरुद्ध ओरडायची. तिचा आवाज मला गोलमधून ऐकू यायचा आणि त्या आवाजापायी मी दोन सोपे बॉल सोडलेत. पण लग्नानंतर ती आमची झाली, असं मी धरून चाललो. दर मे महिन्यात ती आमच्या बाकावर बसून आमच्या संघासाठी संत्री सोलते. पत्र्यांच्या बाकावर ती का बसत नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. टेस्टरला जो प्रश्न पडत नाही, तिथेच नेमकी चूक लपलेली असते, हे मी नव्या मुलांना शिकवतो.

यंदा जानेवारीत दोन्ही संघांची माणसं कमी पडायला लागली. कुणाचा गुडघा गेला, कुणी पुण्याला परत गेला. व्हिडिओ कॉलवर बैठक झाली, आणि मी एक नियम मांडला. सोळा वर्षांवरच्या मुलांना, आई किंवा वडील ज्या कॉलेजचे असतील, त्या कॉलेजकडून खेळता यावं. "आई किंवा" हे शब्द मीच घातले, जरा पुढारलेलं दिसावं म्हणून.

डोक्यात अर्थात माझी मुलगी होती. ती डावीकडून बॉल घेऊन पळायला लागली की तिच्या क्लबातले बाप लोक हातातली कॉफी खाली ठेवतात. लहानपणापासून तिला मी घरामागच्या हिरवळीवर पेनल्टी मारायला शिकवलं. मी गोलमध्ये, ती समोर. पण ती दहा-अकरा वर्षांची झाली तसं आमचं बोलणं आटत गेलं. मी मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते, आणि दोन्हीच्या मधे कुठेतरी "हं" उरतं. मला वाटलं, एकदा ती दगडांच्या जर्सीत माझ्या पुढे मैदानात उभी राहिली की सगळं परत येईल. मी तिच्या मापाची जर्सी छापून घेतली आणि कपाटात स्वेटरांखाली ठेवली. तिला विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं?

नियम मांडल्यावर पत्र्यांचा कप्तान लगेच म्हणाला, "मान्य."

या माणसाने मागे एकदा पंगतीत पानं कुठल्या दिशेला तोंड करून मांडायची यावर पाऊण तास वाद घातला होता. आणि आता एका शब्दात मान्य? मी कॉल बंद केला आणि बायकोला म्हटलं, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"छतात?" ती म्हणाली.

"त्याची मुलं तर लहान आहेत. मग त्याला या नियमाचा फायदा काय? नक्की कुणाला तरी मुलगा म्हणून उभा करणार. भाचा, पुतण्या, कुणीतरी धिप्पाड."

"असेल बाई," ती म्हणाली, आणि भांडी लावायला वळली. तिची पाठ हलत होती. खोकला असेल असं मला वाटलं.

दाणे सापडल्यावर मी पाळत सुरू केली. मुलगी दर शनिवारी सकाळी सायकल काढायची. मैत्रिणीकडे अभ्यासाला, असं उत्तर. मैत्रीण राहते उजवीकडे. मी वरच्या खिडकीतून पाहिलं, सायकल डावीकडे वळली. मी खाली येऊन विचारलं, "ही शनिवारी कुठे जाते?"

"अभ्यासाला," बायको म्हणाली.

"फुटबॉलचे बूट घेऊन?"

"तूही लायब्ररीत बूट घेऊनच जायचास. आमच्या भिंतीवरून दिसायचं सगळं."

मग बायकोच्या फोनचं प्रकरण. फोन ओट्यावर पडला होता, मी चहा गाळत होतो. स्क्रीन उजळली आणि पत्र्यांच्या कप्तानाचा मेसेज दिसला: "मीडियम चालेल ना? त्याला अजून काही बोलू नकोस." मी चहा कपाबाहेर गाळला.

त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही. आधी वाटलं, माझा पन्नासावा वाढदिवस जवळ आलाय, गुपचूप शर्ट घेत असतील. पण मला मीडियम बसेनासं होऊन वीस वर्षं झाली, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे तो धिप्पाड भाचा मीडियम मापाचा होता आणि माझी बायको त्याला ओळखत होती. याचा अर्थ आमच्या संघाची आखणीही पलीकडे जात असणार. मी जेवणाच्या टेबलावर मुद्दाम खोटी माहिती सोडली. "यंदा आम्ही सगळे उजवीकडून चढाई करणार," मी वरण ओतत म्हणालो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी मनात टिपून ठेवलं.

मुलीला सरळ विचारावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर मी तिच्या दारापर्यंत गेलो, जर्सी पाठीमागे धरून. आतून ती फोनवर कुणाशी तरी हसत मराठीत बोलत होती. मराठीत! "हो काका, येते," असं काहीतरी. मी तसाच परत फिरलो. माझ्याशी जी भाषा तिला आठवड्यातून एकदा सुचत नाही, ती कुठल्या काकाशी इतकी सुचतेय, हे मला सतावत राहिलं. पण कुठला काका, हे शोधायच्या ऐवजी मी धिप्पाड भाच्याच्या मागे लागलो होतो.

मॅचचा दिवस आला. वारा असा, की कोपऱ्यातले झेंडे आडवे. मी मुलीला म्हणालो होतो, "तूही चल, बूट घे." ती म्हणाली, "घेतलेत." मला भरून आलं. जर्सी पिशवीत होती. ऐनवेळी सगळ्यांसमोर द्यायची, असा माझा बेत होता.

आमच्यात एक पद्धत आहे. खेळाआधी दहा मिनिटं मैदानाच्या मधोमध दोन्ही संघ बंद पाकिटात खेळाडूंची यादी देतात. मी पाकीट फोडलं. सात आडनावं ओळखीची. आठवं माझं होतं.

"ही छापण्यातली चूक आहे," मी म्हणालो. "मला तुमच्या यादीत घातलंय."

"तुला कोण घालतंय?" कप्तान म्हणाला. "तू आमच्यात आलास तर आम्ही हरू."

"मग हे आडनाव?"

"नियम वाच. तुझाच आहे. आई किंवा वडील."

मी वळून पाहिलं. आमच्या बाकावर संत्री तशीच पडली होती, न सोललेली. बायको पलीकडच्या बाकावर जाऊन बसली होती, अगदी मधोमध, जशी भिंतीवर बसायची तशी. आणि मुलगी जॅकेट काढत होती. आत पत्र्यांची राखाडी जर्सी. मीडियम.

"फितुरी!" आमचा आर्नहेमचा बॅक ओरडला. "सचिवाच्या घरातून फितुरी!"

"वहिनी, हे बरं नव्हे," दुसरा म्हणाला.

"वहिनी कुणाला म्हणतोस रे दगडा?" बायकोने तिकडून आवाज दिला. तो आवाज मला ओळखीचा होता. त्यानेच ते दोन बॉल सुटले होते.

मी कप्तानाला बाजूला घेतलं. "दर शनिवारी?"

"द हेगजवळच्या मैदानावर. मेट्रोने यायची बिचारी, सायकल स्टेशनवर ठेवून. आमच्याकडे सातच उरले होते, लेका. आठ नसते तर तुम्हाला न खेळताच जिंकवावं लागलं असतं. तुला आवडलं असतं?"

मला खरंच आवडलं नसतं. न खेळता मिळालेली पंगत कशाला हवी? पण हे त्याच्यापुढे कोण कबूल करणार! मी म्हणालो, "आवडलं असतं." आणि गोलकडे निघालो. वाटेत मुलगी बुटांच्या नाड्या बांधत होती. मी थांबलो.

"मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

तिने मान वर केली. डचमध्ये म्हणाली, "तू विचारलं नाहीस. त्यांनी आईला विचारलं, मग मला विचारलं." मग नाडी आवळत, "आईला कधीच कुणी विचारलं नव्हतं."

मी हातमोजे घातले.

मॅच कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यात माझा फायदा नाही. आम्ही उजवीकडून चढाई करणार हे माझं खोटं घरातून फिरत फिरत आमच्याच दोघांच्या कानावर गेलं, त्यांना ते खरं वाटलं आणि ते उजवीकडे एकमेकांवर आदळले. मुलगी डावीकडून आली की आमचा बॅक आधी तिला "अगं, हळू, पडशील" म्हणायचा आणि मग तिच्या पाठीकडे बघत राहायचा. तरी एक-एक अशी बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला त्याच बॅकने तिची जर्सी ओढली. पंचांनी शिट्टी फुंकली. पेनल्टी.

"चार मोदक!" मी ओरडलो. त्यांना कळलं नाही.

तिने बॉल ठेवला. मी गोलमध्ये उभा राहिलो, हात पसरून, जसा घरामागच्या हिरवळीवर उभा राहायचो. ती कायम माझ्या डाव्या हाताला मारायची. सात वर्षांची असल्यापासून. मी तिला शंभरदा सांगितलं असेल, बाजू बदल, गोलीला कळतं. तिने कधी बदलली नाही. मला ते ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. तीन महिने तिने माझ्यापासून इतकी मोठी गोष्ट लपवली, आता ही मुलगी जुन्या बाजूला मारेल? शक्यच नाही. वीस वर्षांचा अनुभव सांगत होता, इतकं सरळ काही नसतं.

मी उजवीकडे उडी मारली. उडी म्हणजे, कललो.

बॉल डावीकडून, अगदी आरामात, घरी आल्यासारखा आत गेला.

कँटीनमध्ये टेबलं भिंतीला लावून जमिनीवर चटया अंथरल्या होत्या. पत्रे बसले, दगडांनी पातेली उचलली. पंच पाहुणे म्हणून पत्र्यांच्या ओळीत बसले, आणि गुडघे दुमडता येईनात म्हणून पाय लांब पसरून बसले. माझ्याकडे मठ्ठा होता. मठ्ठ्याला प्रत्येक वाटीपाशी जास्तच खाली वाकावं लागतं. हे काम मला कुणी दिलं याची चौकशी मी अजून करतोय.

बायकोच्या पानाशी आलो. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा पंगतीत बसली होती. आजवर आम्ही हरलो की ती आमच्याबरोबर वाढायची, आणि जिंकलो की जेवण गरम करत असायची. हेही मला आत्ता, वाकल्यावर, दिसलं.

"आग्रह कुठाय?" ती म्हणाली.

"घ्या की थोडा," मी म्हणालो.

"हा आग्रह? घरी रोज या दगडाला मी 'घे ना, घे ना' म्हणून वाढलं. नीट म्हण."

"घ्या हो, आमची शपथ आहे."

"अर्धी वाटी," ती म्हणाली. मी घातली. "अजून अर्धी." परत वाकलो. पलीकडे कप्तानाची पाठ हलत होती. त्यालाही खोकला झाला होता.

मग मुलगी. तिने वाटी पुढे केली नाही. मी पळी धरून वाकलेलाच राहिलो.

"बाबा," ती म्हणाली, मराठीत, "उजवीकडे का गेलास?"

"मला वाटलं, तू बाजू बदलशील."

"मी कधी बदलली?"

"म्हणूनच वाटलं."

ती हसली. "तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस, हे मला माहीत होतं." मग वाटी उचलून म्हणाली, "मठ्ठा दे. भरून. आणि नीट म्हण."

मी नीट म्हटलं. भरून दिला. ती अर्धा प्याली आणि म्हणाली, "अजून." कमरेत कळ आली. पण ती मराठीत मागत होती, म्हणून मी तिला अजून पाचदा विचारलं. आग्रहासाठी नाही, ती 'नाही' मराठीत कधी म्हणते ते ऐकायला.

परतताना गाडीत त्या दोघी मागे बसल्या, मी पुढे एकटा, ड्रायव्हरसारखा. मघाशी सामान भरताना मुलीला माझ्या पिशवीत ती जर्सी सापडली होती. आता तिने ती मांडीवर उलगडली होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं. मराठीतच.

"तुला विचारायचं होतं," मी म्हणालो. "जानेवारीपासून."

"मग विचार की."

मी सिग्नलवर थांबलो. लाल होता. आयुष्यात इतका अवघडलो नव्हतो. तिच्या आईलाही मी याहून सहज विचारलं होतं. "पुढच्या वर्षी," मी म्हणालो, "आमच्याकडून खेळशील का?"

तिने जर्सीची बाही सरळ केली. मग म्हणाली, "बहुतेक नाही. पण जर्सी ठेवते."

बहुतेक. टेस्टिंगमध्ये या शब्दाला काडीची किंमत नाही. हो तरी हवं नाहीतर नाही. मी आरशात पाहिलं. तिने जर्सी घडी घालून बॅगेत ठेवली होती आणि तिची आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ पुन्हा हलत होती.

सिग्नल हिरवा झाला. दोघींपैकी कुणीतरी नक्की काहीतरी शिजवत होतं.